शिसं आलं कुठून

श्रीनिवास मुजुमदारांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. धारच्या मराठी मंडळाच्या लोकांनी अनेकदा विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत, दोन पानं द्या." कधी डोळ्यांचं कारण सांगितलं, कधी हात कापतो म्हणालो. दोन्ही खरं आहे. पण न लिहिण्याचं कारण ते नव्हतं.

यंदा मंडळाची स्मरणिका देवासला माझ्या घरी पोस्टाने आली. तीत कुणीतरी मुजुमदारांवर अर्धं पान लिहिलं आहे, आणि प्रेमानेच लिहिलं आहे. शेवटी मात्र म्हटलं आहे की त्यांच्याच हातून झालेल्या एका लहानशा चुकीने त्यांचं सगळं काम वाया गेलं, आणि ती चूक त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. कबूल केली हे खरं. मी समोर बसलो होतो. चूक मात्र त्यांची नव्हती. हे आता माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि माझं वय झालं आहे.

पीथमपूरला आमचा काजळीचा कारखाना होता. काजळी म्हणजे तीच, दिव्यावर वाटी धरली की जमते ती. आम्ही ॲसिटिलीन वायू बंद भट्टीत तापवून ती मिळवत होतो. टॉर्चच्या सेलमध्ये ती लागते. मी मूळचा नगरचा, मशिनरीतला माणूस. उत्पादन माझ्याकडे होतं. मुजुमदार प्रयोगशाळा सांभाळत. ते धारचे, संस्थानच्या नोकरीतल्या घराण्यातले. आजोबा दरबारात कारभारी होते की नुसते कारकून, यावर त्यांच्या दोन काकांत शेवटपर्यंत अबोला होता.

त्यांच्या तोंडी दोन-तीन भाषा एकदम नांदत. घरी "तीर्थरूपांची तब्येत बरी नाही" म्हणणारा माणूस कारखान्यात शिरताच "अरे भिया, वो व्हॉल्व देख ले" म्हणायचा. मला म्हणायचे, "पाठक, काय करून राहिलात?"

"मुजुमदार, हे मराठी कुठलं हो?" मी एकदा विचारलं.

"हे जिंकलेल्या मुलखातलं," ते म्हणाले. "तुमचं ते मागे राहिलेल्यांचं."

काजळीच्या कारखान्यात ते रोज पांढरा शुभ्र शर्ट घालून येत. पहिल्यांदा मला ती ऐट वाटली. मग कळलं की त्यांना शर्टाचा उपयोग करायचा असे. दिवसातून एकदा ते सगळ्या लाइनीच्या कडेने सावकाश चालत जात आणि शेवटी बाह्या बघत. डावी बाही काळी झाली की डाव्या बाजूची काजळी गाळायची पिशवी गळते आहे. मीटर खोटं बोलेल, धोब्याचा शर्ट बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. धोबी अर्थात कुणी नव्हता. शर्ट सुधावहिनी धूत. त्या म्हणायच्या, "लग्न माझं कारखान्याशीच लागलंय. हे आपले सोबत आलेत." कामगार त्यांना 'काजलवाले साहब' म्हणत, आणि ते त्यांना आवडे.

माझ्या नातवाच्या बारशाला ते धारहून आले. बाळाच्या गालावर तीट लावलेली होती. सगळे बाळाचं नाक कुणासारखं यावर बोलत होते, मुजुमदार खाली वाकून तीट बघत होते.

"हे काजळ घरी धरलेलं का?" त्यांनी माझ्या विहीणबाईंना विचारलं.

"हो. एरंडेलाच्या दिव्यावर."

"थोडं मिळेल?"

विहीणबाईंना वाटलं, यांच्या घरी कुणी लहान आहे. त्यांनी कौतुकाने डबी पुढे केली. मुजुमदारांनी चिमूटभर काजळ कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी ते काचेच्या नळीत भरून, दोन्हीकडून पितळी दट्ट्याने दाबून, त्यातून वीज किती जाते ते मोजलं होतं. मला म्हणाले, "विहीणबाईंना सांगा, काजळ उत्तम आहे, पण तेल फार. वीज जात नाही." मी विचारलं, "बाळाच्या गालातून वीज कशाला जायला हवी?" त्यावर जरा विचार करून म्हणाले, "तेही खरं." थट्टा त्यांना कळायची, पण थोडी उशिरा.

मोबाइल फोन नुकते इकडे दिसायला लागले होते त्या काळची गोष्ट. आमच्या शेठजींनी इंदूरहून एक फोन आणला. मुजुमदारांनी बोलण्याआधी त्याचं मागचं झाकण उघडलं. आतली बॅटरी लिथियमची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी. ती बघून ते जे पेटले ते कधी विझले नाहीत.

मला समजावं म्हणून त्यांनी पंगतीचं उदाहरण दिलं होतं. "बॅटरीच्या धन बाजूला जी पूड असते, पाठक, ती म्हणजे पंगतीला बसलेली मंडळी. खाणारी तीच. पण तिच्यातून वीज धड चालत नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर कुणी न्यायची? आपल्या काजळीने. काजळी वाढपी आहे. स्वतः जेवत नाही, तिचं नाव कुणी काढत नाही, पण ती नसली तर स्वयंपाक आत आणि मंडळी उपाशी."

"मग भरपूर घालावी."

"भरपूर वाढपी उभे केलेत तर मंडळी बसतील कुठे? थोडीच घालायची. पण प्रत्येक पानापर्यंत पोचली पाहिजे. हातात हात धरून उभी असते ती, साखळी करून. फार रगडलीत तर साखळी तुटते." मिक्सरवरच्या माणसांना ते ओरडायचे, "रगडो मत, भिया! सहलाओ!" आणि हवेत हात असा फिरवायचे की माणसं तोंड वळवून हसायची.

पूर्वेकडच्या एका देशात या बॅटऱ्या बनवणारी कंपनी होती. मुजुमदारांनी तिच्याशी वर्ष-दीड वर्ष पत्रव्यवहार केला. शेवटी ते लोक म्हणाले, नमुना पाठवा. उतरला तर पुढचं बोलू, नाही उतरला तर पुन्हा विचारू नका. शेठजींनी नाइलाजाने एक खोली आणि थोडी यंत्रं दिली. "एकच बार हां, मुजुमदारजी," ते म्हणाले. मुजुमदार तेव्हा पन्नाशीत होते. त्या दिवशी ते शिफ्टच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसले होते. एकदम म्हणाले, "जन्मभर टॉर्चची काजळी केली. हे जमलं तर मी काहीतरी केलं असं होईल. नाहीतर तुमच्या वहिनींचा साबण फुकट गेला."

त्या खोलीचे नियम त्यांनी स्वतः ठरवले. चपला बाहेर. घड्याळ, अंगठी, कडं, चेन, सगळं बाहेर. या बॅटरीत धातूचा बारीकसा कण गेला तरी तो धन बाजूला विरघळतो आणि पलीकडे जाऊन सुईसारखा साठतो. मधला पडदा टोचला की बॅटरी आतल्या आत रिकामी होते. शेठजी पाहणीला आले तेव्हा मुजुमदारांनी दारातच हात पुढे केला. "अंगठी."

"ये नहीं उतरती, मुजुमदारजी. शनि की है."

"तो शनि महाराज बाहर बैठेंगे."

शेठजींनी अंगठी उतरवली. आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो.

मुजुमदार नास्तिक नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी तसं पसरवलं. नवरात्रात त्यांच्या घरी देवीचं सगळं कडक सोवळ्यात असे, आणि ते नऊही दिवस एकभुक्त राहत. खोलीचा अर्थही ते कामगारांना तसाच सांगत: "ये कमरा सोवळे में है. बाहर का हाथ नहीं लगना चाहिए."

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राची पूजा होई: हार, नारळ, आणि यंत्राच्या अंगावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक. कामगारांतला भेरूलाल हे सगळं करायचा. तो निसरपूरकडचा, गाव धरणाच्या पाण्यात जाणार हे ठरलेलं, म्हणून नोकरीत कायम होण्यावर त्याचा सगळा जीव. नव्या खोलीत तोच काम करत होता. त्याने विचारलं, "साब, नई मशीन की पूजा?"

"दरवाजे पर," मुजुमदार म्हणाले. "अंदर मैं चप्पल उतार के जाता हूँ. देवी को बोल, सिंदूर उतार के आए."

ते हसत म्हणाले होते. आपल्या घरच्या देवीशी माणूस बोलतो तसं. पण भेरूलाल हसला नाही, आणि दुसरंही कुणी हसलं नाही.

दसऱ्याला मुजुमदार घरच्या पूजेसाठी धारला थांबले. खोलीची किल्ली जाताना माझ्याकडे देऊन गेले. सकाळी कारखान्यात पूजा झाली. सगळे प्रसाद घेऊन पांगल्यावर भेरूलाल शेंदराची वाटी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"साब, सब मशीनों की हुई. ये एक ही रह गई. कल को कुछ हो गया तो म्हारे माथे आएगा."

मी म्हणालो, साहेबांनी नाही म्हटलंय. तो हलला नाही. म्हणाला, "आप भी तो मराठे ब्राह्मण हो, साब. आपके यहाँ बिना पूजा की मशीन चलाते हैं?" माझ्याही मनात तेच होतं. आमच्या नगरच्या घरी साधा अडकित्तासुद्धा दसऱ्याला झेंडूच्या फुलाशिवाय राहत नसे. मी किल्ली काढली.

तो आत गेला आणि काजळी ओतायच्या हॉपरसमोर वाकून त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर बोट टेकवणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. म्हणालो, "बाहर मत लगा. साहब को दिखेगा. ढक्कन के अंदर से लगा दे."

त्याने झाकण उचललं आणि आतल्या बाजूला स्वस्तिक काढलं. आम्ही दोघांनी हात जोडले. मला बरं वाटलं, हेही लिहितो. दोन्हीकडची मनं राखली असं वाटलं.

दोन दिवसांनी मुजुमदारांनी त्याच हॉपरमधून नमुन्याची काजळी काढली. स्वतः डबे बंद केले, आणि ते बंदराकडे रवाना झाले तेव्हा फाटकापर्यंत ट्रकच्या मागे चालत गेले.

उत्तर यायला बराच काळ गेला. आधी चांगलं कळलं होतं: वीज उत्तम जाते, काजळी नीट मिसळते. त्या दिवशी मुजुमदारांनी सगळ्यांना कचोऱ्या खाऊ घातल्या. मग दुसरं उत्तर आलं. बनवलेल्या बॅटऱ्या काही दिवस ठेवल्यावर आपोआप उतरत होत्या. उघडून पाहिल्या तर आत शिसं सापडलं होतं. पुन्हा नमुना नको.

शेठजींच्या खोलीत मुजुमदार उभेच राहिले. बोटांवर मोजत स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "शिसं. रंगात असतं, पण आपल्याकडे आत रंग नाही. सोल्डरमध्ये असतं, पण त्याच्याबरोबर कथिल आलं असतं. त्यांना कथिल सापडलेलं नाही. शेंदरात असतं, शेंदूर म्हणजे शिसंच. पण तो मी दारात थांबवला होता. किल्ली पाठकांकडे होती."

किल्ली पाठकांकडे होती, म्हणून तो प्रश्न तिथे संपला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेंदरात शिसं असतं हे मला त्या क्षणी कळलं. बाहेर आलो, आणि सगळे जेवायला गेल्यावर खोलीत शिरून झाकणाची आतली बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसली. स्वस्तिकाच्या दोन रेघा जवळजवळ उरल्या नव्हत्या. बाकीचा शेंदूर कुठे गेला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुजुमदारांनी महिनाभर मागून घेतला. भट्टी उघडली, नळ उघडले, पाणी तपासलं, वायूच्या टाक्या तपासल्या. प्रत्येकाला विचारत फिरायचे, "शिसं आलं कुठून?" कामगारांचं उत्तर तयार होतं. देवीला दारात ठेवली, म्हणून हे झालं. कँटीनमध्ये ते उघड बोलत. मुजुमदार ऐकायचे आणि पुढे जायचे. एकदा भेरूलाल माझ्याकडे आला. तो अडाणी नव्हता.

"साब, बता दें?"

मी म्हणालो, "तुझे परमानेंट होना है कि नहीं?"

तो खाली बघत गेला. तो कायम झालाच नाही. खोली बंद झाली तेव्हा तिथली माणसं आधी कमी केली. पुढे त्याचं गाव हललं, आणि तो कुठे गेला ते मला माहीत नाही.

महिना संपला. शेठजींनी मुजुमदारांना सांगितलं, टॉर्चची काजळी बघायची असेल तर बघा, नाहीतर तुमची मर्जी. मुजुमदार म्हणाले, "कारण सापडल्याशिवाय मी दुसऱ्या कुठल्या काजळीवर सही कशी करू?" आणि नोकरी सोडून गेले. त्यांची प्रयोगशाळाही माझ्याकडे आली, पगार वाढला. काही वर्षांनी टॉर्चच्या सेलचा धंदा बसला आणि कारखानाच बंद झाला. मी मुलाकडे देवासला आलो.

मुजुमदार धारला घरीच मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागले. मी वर्षातून एखाद्या वेळी जाई. दर वेळी घरून ठरवून निघे की आज सांगायचं. इंदूर ओलांडेपर्यंत वाक्य तयार असे. धारला उतरेपर्यंत ते नाहीसं होई. आत गेलो की सुधावहिनी म्हणायच्या, "बरं झालं आलात. तुम्ही आलात की ते दोन घास जास्त जेवतात." आणि मुजुमदार ताटावर बसताच सुरू करायचे. आज त्यांना आठवलेलं असायचं की डब्यांची झाकणं कुठल्या पत्र्याची होती. पुढच्या खेपेला ट्रकच्या डिझेलचा धूर. प्रत्येक शक्यता ते मांडत आणि स्वतःच खोडून काढत. कथिल नाही, म्हणून सोल्डर नाही. इतकं शिसं, म्हणून धूर नाही. एवढा काटेकोर माणूस, आणि तीन हातांवर बसलेल्या मला त्यांनी एकदाही विचारलं नाही. वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, पाठक भावोजींना आमटी तरी गिळू द्या."

शेवटचा गेलो तेव्हा ते खूप वाळले होते. थंडीचे दिवस होते; अंगणात खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. मला बघून हसले. वहिनींनी चहा आणला आणि त्याही बसल्या, एरवी बसत नसत.

"पाठक, सापडलं," मुजुमदार म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"हॉपरमध्ये तापमान बघायची तार होती, आठवतं? इलेक्ट्रिशियन सुट्टीवर होता, तेव्हा तिचा जोड मीच सोल्डर केला होता. तेच पडलं आत. माझ्याच हातचं."

मी म्हणालो, "पण मुजुमदार, कथिल?"

"असेल थोडं," ते म्हणाले. "त्यांच्या नजरेतून सुटलं असेल."

या माणसाने उभ्या आयुष्यात 'असेल' हा शब्द कामाच्या गोष्टीत वापरलेला मी ऐकला नव्हता. एवढी वर्षं त्यांनी जे उत्तर शंभरदा खोडलं होतं, तेच आता दमून घेतलं होतं, कारण दुसरं कुणी दिलं नाही.

"झालं एकदाचं," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हलका झाला होता. "आता रात्री झोपतात तरी."

मुजुमदार खुर्चीत पुढे सरकले. "तुमच्याही नोकरीचं पुढे वाईटच झालं, पाठक. ते नमुने उतरले असते तर कारखाना राहिला असता. तो भेरूलाल, बाकीची पोरं. मी देवीवरून त्याला बोललो, तेही लागलं असेल त्याला. तो भेटायचा नाही आता. तुम्ही भेटलात, तर तुमची क्षमा मागून ठेवतो." आणि त्यांनी शालीतून दोन्ही हात काढून जोडले.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी काय म्हणायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो, मुजुमदार. मनात ठेवू नका."

म्हणजे मी त्यांना क्षमा केली.

निघताना ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. रिक्षा सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते तसेच उभे होते, काठी भिंतीला लावलेली आणि हात पुन्हा जोडलेले. मी हात हलवला. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही, आणि दोन-तीन वर्षांत वहिनीही गेल्या.

रिक्षा वळेपर्यंत त्यांना ऐकू गेलं असतं. वाक्य फार लांब नव्हतं. मुजुमदार, झाकणाच्या आतून लावायला मीच सांगितलं होतं. क्षमा मी तुमची मागायला हवी.